दुसऱ्याच्या पिशवीतल्या वड्या

हिंसक मुलाच्या मनात दुसऱ्या माणसासाठी जागाच तयार झालेली नसते. कुणाला काय हवं आहे, कुणाला काय सोसत नाही, हे लक्षात ठेवण्याची कुवत त्याच्या व्यक्तिमत्त्वात रुजायच्या आधीच जळून गेलेली असते.

हे वाक्य डॉक्टोरा नोएमी ओस्पिना यांच्या प्रबंधात आहे. मानिसालेस शहराच्या वर, कॉफीच्या उतारावर जे बालसुधारगृह आहे, त्याच्या जेवणघराच्या भिंतीवरही ते निळ्या अक्षरांत आहे. तिथे ते एस्तिवेन मारुलांदा या मुलाने शिक्षा म्हणून रंगवलं. रंगवताना शिडी धरणाऱ्या पोराच्या डोळ्यांत थेंब जाऊ नयेत म्हणून त्याने स्वतःची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली होती. हे मात्र कुठे नोंदलं गेलं नाही.

एस्तिवेन आता सतरा पूर्ण होता. पंधराव्या वर्षी त्याने फुटक्या बाटलीने सख्ख्या मामेभावाला भोसकलं होतं. मामेभाऊ वाचला; त्याचा डावा हात अजून नीट उघडत नाही. का भोसकलं, हे सुधारगृहाच्या मानसतज्ज्ञ नोएमीबाई दोन वर्षं दर गुरुवारी विचारत होत्या. एस्तिवेन खिडकीबाहेर बघायचा आणि म्हणायचा, "माहीत नाही, डॉक्टोरा." या दोन शब्दांवर बाईंनी राजधानीतल्या, बोगोटाच्या परिषदेत एक निबंध वाचला आणि त्याला बऱ्यापैकी टाळ्या पडल्या. एस्तिवेन हा बाईंचा मुलगा होता, म्हणजे केस होती. पण वयाची अठ्ठेचाळीस वर्षं एकटीने काढलेल्या बाईला हा फरक रोजच्या रोज जपणं अवघड जातं.

मग जूनमध्ये युरानी आली. सत्तावीस वर्षांची, समाजसेवेची पदवी, पायात खेळायचे बूट. तिच्या खोलीचं दार कायम उघडं असायचं आणि त्यातून हसण्याचा आवाज यायचा. भिंत पातळ होती. सरकारी कामात जिथे काटकसर व्हायची तिथे ती झालेली होती. मुलं नोएमीबाईंना डॉक्टोरा म्हणत आणि उभी राहत. युरानीला ती प्रोफे म्हणत, म्हणजे शाळेतल्या मास्तरणीला म्हणतात तसं, आणि तिच्याकडे चेंडू फेकत. बाईंना चेंडू नको होता. पण कुणी कधी फेकलाच नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं होतं.

सोमवारच्या बैठकीत, गुळाच्या कढत पाण्यात चीजचे तुकडे बुडवून खाता खाता, युरानी सहज म्हणाली की एस्तिवेनने तिला सगळं सांगितलं. त्याची आई रुबिएला बस स्थानकावर दुधाच्या वड्या विकते. एकदा एका गिऱ्हाईकाला ती मामेभावाकडे बोट दाखवून म्हणाली, हा माझा मुलगा, सगळं हाच बघतो. एस्तिवेन मागेच उभा होता. पोटात काहीतरी गरम झालं, म्हणाला, आणि मग हात आपोआप चालले.

"कधी सांगितलं?" नोएमीबाईंनी विचारलं.

"परवा. पेनल्टी मारत होतो आम्ही."

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. दोन वर्षं, दर गुरुवार, बंद दार, मऊ आवाज, टेबलावर रुमालांचा डबा. आणि पेनल्टी मारता मारता. त्या म्हणाल्या की ही माहिती मोलाची आहे, अभिनंदन. संचालक लोंदोन्यो यांनी युरानीचं कौतुक लिहून घ्यायला सांगितलं. बाईंनीच ते लिहून घेतलं.

सप्टेंबर हा आमच्याकडे प्रेमाचा आणि मैत्रीचा महिना. बँकेपासून पोलीस चौकीपर्यंत सगळीकडे गुप्त मित्राचा खेळ चालतो. टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्याला महिनाभर गुपचूप गोड ठेवत राहायचं, आणि शेवटच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर उठून सांगायचं की तो मी. तोवर नाव फोडायचं नाही. खेळाचं खरं बळ या न फोडण्यातच असतं. देशात इतकी कडक गुप्तता दुसऱ्या कशाचीच पाळली जात नाही. युरानीने यंदा तो सुधारगृहात आणला. मुलं, रखवालदार, स्वयंपाकीण, संचालक, सगळे एकाच टोपीत. जेवणघराच्या भिंतीवर, त्या निळ्या वाक्याखाली, प्रत्येकाच्या नावाची कागदी पिशवी चिकटवली. अट एकच, आणि ती सुधारगृहाची जुनीच अट होती. बाहेरून येणाऱ्या गोळ्यांचे चकचकीत कागद फाटकावर काढून घ्यायचे, कारण तसल्या कागदाचं काय काय करता येतं याचा आस्थापनेला अनुभव होता. मुलं मग गोळ्या वहीच्या कागदात गुंडाळून पिशवीत टाकत.

नोएमीबाईंना चिठ्ठीत स्वयंपाकीण फाबियोलाचं नाव आलं. चिठ्ठी त्यांनी पर्समध्ये टाकली आणि खेळाच्या मानसशास्त्रीय बाजूंवर विचार सुरू केला.

पहिल्या आठवड्यात त्यांच्या पिशवीत वहीच्या कागदात गुंडाळलेली एक गोळी आली. पांढरी, पुदिन्याच्या वासाची, हॉटेलात बिलाबरोबर येते तसली. मग तशीच आणखी एक. मग आणखी. बाईंनी त्या टेबलाच्या खणात टाकल्या. कुणीतरी कंजूष पोरगा, त्यांनी ठरवलं.

युरानीच्या पिशवीत दुधाच्या वड्या आल्या.

केळीच्या वाळक्या पानात बांधलेल्या, वरून धाग्याची दुहेरी गाठ. ती गाठ बाई ओळखत होत्या. दोन वर्षांपूर्वी, पहिल्याच भेटीत, एस्तिवेनने तसलीच एक वडी टेबलावर ठेवली होती. आईने रविवारी आणलेली. मला डायबेटिस आहे, मी गोड खात नाही, असं सांगून बाईंनी ती परत केली होती. त्यानंतर फायलीत लिहिलं होतं: भेटवस्तू देऊन अधिकारी व्यक्तीला वश करण्याचा प्रयत्न. आता तोच प्रयत्न शेजारच्या खोलीच्या बाबतीत चालला होता, आणि बाईंना तो प्रयत्न वाटेना. त्यांना ती माया वाटली.

रोज सकाळी कॉफी घ्यायला जाताना त्या युरानीच्या पिशवीत डोकावत. वड्या असत. ठेवतो तरी किती, त्यांच्या मनात येई. रविवारी आईने आणलेल्या सगळ्या तिलाच देतो की काय? स्वतः तरी खातो का? मग त्यांना वाटे की हा प्रश्न आपण व्यावसायिक दृष्टीने विचारतो आहोत, आणि बरं वाटे. युरानी वड्या वाटून टाकायची. एकदा एक अर्धी तोडून तिने बाईंपुढेही धरली आणि मग म्हणाली, "अरे हो, तुम्हाला चालतं का हो गोड? मला काही माहीतच नाही." बाई म्हणाल्या की चालत नाही. बाजूच्या टेबलावर एस्तिवेन खाली मान घालून मक्याची भाकरी खात होता.

त्या गुरुवारी त्यांनी ठरवलेले प्रश्न बाजूला ठेवले.

"खेळ कसा चाललाय, एस्तिवेन?"

"बरा चाललाय, डॉक्टोरा."

"तुझ्या चिठ्ठीत नाव कुणाचं निघालं?"

एस्तिवेनने पहिल्यांदाच खिडकी सोडून त्यांच्याकडे पाहिलं. त्याला हसू आल्यासारखं झालं. "नियम आहे ना, डॉक्टोरा. नाव फोडायचं नाही."

"माझ्याजवळ सांगितलंस तर चालतं. इथलं इथेच राहतं."

"तुम्हीच म्हणता की नियम एकदा वाकवला की मोडायला वेळ लागत नाही."

हे बाईच म्हणत, दर महिन्याला, दोन वर्षं. त्यांनी वहीत लिहिलं: संवादात बंदिस्तपणा, लपवाछपवी. मग विचारलं, प्रोफे युरानीबरोबर बोलणं सोपं वाटतं का. तो म्हणाला, हो. का? त्याने त्यांच्या वहीकडे पाहिलं.

"ती लिहून घेत नाही," तो म्हणाला.

दुपारी जेवणघर रिकामं होतं. शहरामागच्या ज्वालामुखीने रात्री थोडी राख सोडली होती आणि खिडक्यांच्या कडेला ती करड्या पिठासारखी बसली होती. बाई कॉफी घ्यायला आल्या होत्या. निदान तसं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. युरानीच्या पिशवीत तीन नव्या वड्या होत्या. बाईंनी एक हातात घेतली. गाठ सोडली. पान उघडलं. वडी मऊ होती, कडेला जराशी जळकी. तिला दुधाचा आणि चुलीतल्या लाकडाचा वास येत होता. पोटात काहीतरी गरम झालं. मग त्यांनी मूठ वळली. एक झाली, दुसरी झाली, तिसरी पानासकट चुरडली. चुरा परत पिशवीत टाकला, हात पाण्याखाली धरले आणि कॉफी न घेताच खोलीत येऊन दार लावलं. हातांना गोड वास येत राहिला. साबणाने गेला नाही.

सोमवारी बैठक भरली. सुधारगृहात वडी कुस्करली जाणं ही वडी कुस्करली जाण्याची बाब नसते. संचालकांनी फुटबॉल आठवडाभर बंद केला आणि नोएमीबाईंकडे वळले. हे कुणी केलं असेल याचं मानसिक चित्र त्या देऊ शकतील का?

बाईंनी दिलं. त्यांचं ते काम होतं, आणि त्या कामात त्या चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, ही व्यक्ती वरून शांत असणार. दुसऱ्याला मिळालेलं प्रेम हे आपल्याकडून हिसकावलेलं आहे, अशी तिची भावना असणार. रागाचा खरा रोख माणसावर असतो, पण तो काढला जातो वस्तूवर. लहानपणी केव्हातरी आपल्याऐवजी दुसऱ्याला निवडलं गेलं, ही जखम अजून ओली असणार.

"अगदी बरोबर," संचालक म्हणाले. त्यांनी युरानीकडे पाहिलं. "हा तर तो मारुलांदा. बस स्थानकावर आईने भाच्याला माझा मुलगा म्हटलं, तोच ना?"

युरानी म्हणाली की तिला नाही तसं वाटत. का वाटत नाही, हे तिला सांगता आलं नाही. तिला फक्त पोरगा माहीत होता. त्याचं चित्र नव्हतं. ज्याने वड्या ठेवल्या तोच त्या कशाला चुरडेल, असा एक सरळ प्रश्न नोएमीबाईंच्या जिभेवर आला होता, कारण वड्या कुणी ठेवल्या याची खोलीत त्यांना एकटीलाच खात्री होती. पण नाव फोडायचं नाही, हा खेळाचा नियम होता. त्यांनी वही मिटली.

त्याच आठवड्यात त्यांना न्यायाधीशांसाठी एस्तिवेनचा अहवाल लिहायचा होता. उरलेली शिक्षा त्याने घरी राहून भोगावी की आणखी सहा महिने आत, हा प्रश्न होता. रुबिएलाने घरात त्याच्यासाठी खाट मांडून ठेवल्याचं सगळ्यांना माहीत होतं. रविवारी फाटकावर ती रखवालदारांनाही खाटेबद्दल सांगायची. बाईंकडे अहवालाचा मसुदा तयार होता. ऑगस्टमध्येच लिहिलेला, त्याला सोडावं असं म्हणणारा. बाई तो वाचत होत्या तेव्हा शेजारच्या खोलीत युरानी आणि एस्तिवेन कशावरून तरी हसले. कशावरून ते ऐकू आलं नाही. भिंत इतकीही पातळ नव्हती. बाईंनी मसुद्यात दोन वाक्यं घातली. अलीकडील मालमत्ता-नाशाच्या घटनेतून आक्रमकता अद्याप सुप्त असल्याचे दिसते. स्त्री-कर्मचाऱ्यांशी नाती जोडताना मुलगा हेतुपुरस्सर वागतो. मग शिफारस बदलली. हात आपोआप चालले. पाकीट बंद करून त्यांनी ते कोर्टात जाणाऱ्या गाडीत स्वतः दिलं, आणि परत येताना त्यांना एकदम शांत वाटलं. या शांत वाटण्याचं त्यांनी प्रबंधाच्या एका प्रकरणात वर्णन केलं होतं.

शेवटच्या शुक्रवारी सगळे जेवणघरात जमले. फाबियोलाने पिठाचे गोळे तळून ठेवले होते, आत खारट चीज. एकेकाने उठायचं, नाव सांगायचं, शेवटची भेट द्यायची. रखवालदार आर्बेकाका, निवृत्तीला आलेला माणूस, सुरुवातीलाच उठला आणि म्हणाला की त्याला प्रोफे युरानी आली होती. त्याला स्वतःला काही निवडता येत नाही, म्हणून तो दर रविवारी फाटकावर रुबिएलाबाईकडूनच वड्या विकत घ्यायचा. "त्यांची तपासणी मीच करतो," तो म्हणाला, "तर म्हटलं, निदान माल खात्रीचा." पोरं हसली. एक जण ओरडला, काका, प्रोफेवर लाइन मारता का, या वयात? काका म्हणाला की या वयात निदान पकडलं तरी जात नाही.

नोएमीबाई हसल्या नाहीत. त्या हातांकडे बघत होत्या.

मग त्यांची पाळी आली. त्या उठल्या. "फाबियोला," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. फाबियोलाची पिशवी पहिल्या दिवशी चिकटवली होती तशीच सपाट होती. फाबियोलाने एप्रनला हात पुसले. "असं होय," ती म्हणाली, आणि कढईकडे वळली. बाईंनी पर्समधून परिषदेत मिळालेलं एक पेन काढून पुढे केलं. फाबियोलाने ते घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि कानामागे खोचलं.

एस्तिवेन उठला. त्याच्या हातात वहीच्या कागदात बांधलेलं एक पुडकं होतं.

"मला डॉक्टोरा आल्या होत्या," तो म्हणाला. त्याला भाषणाची सवय नव्हती. "आई म्हणाली वड्या दे, तर मी म्हटलं, त्यांना साखर चालत नाही. पहिल्या दिवशी सांगितलं होतं त्यांनी. मग या बिनसाखरेच्या गोळ्या आणवल्या. मोठ्या औषधाच्या दुकानातच मिळतात, खाली शहरात. मामेभाऊ मोटरसायकलवरून जाऊन आणायचा." तो थांबला. "कागदावर लिहिलेलं असतं, साखर नाही म्हणून. पण कागद फाटकावर काढून घेतात. म्हटलं, कळलंच असेल."

पुडकं त्याने त्यांच्या हातात दिलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. एस्तिवेन जागेवर जाऊन बसला आणि शेजारच्याने त्याच्या डोक्यात टपली मारली. नोएमीबाई निळ्या वाक्याखाली उभ्या होत्या. तिथे उभं राहिलं की ते वाचता येत नाही, ही एक सोय होती. युरानी त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली, "बघा ना, आणि मी चार महिने शेजारी बसते, तरी मला हे माहीत नव्हतं." तिच्या आवाजात थोडा हेवा होता. बाईंना तो ओळखू आला. आणि, हेही सांगून टाकलेलं बरं, एक क्षणभर त्यांना फार छान वाटलं.

मग त्यांना पाकीट आठवलं.

सोमवारी कोर्ट उघडायच्या आधीच त्या पायऱ्यांवर होत्या. त्यांनी दुसरा अहवाल लिहून आणला होता. त्यात वड्या कुणी चुरडल्या हेही लिहिलं होतं, नावासकट, स्वतःच्या. नोकरी जाईल हे त्यांनी गृहीत धरलं होतं. ते वाक्य त्यांनी चार वेळा सुधारलं होतं, आणि शेवटी ते चांगलं उतरलं होतं. कारकून आत आला, जाकीट खुर्चीला लावलं, न्याहारीचा कागद उघडला. बाईंनी श्वास न घेता सांगितलं की मारुलांदाच्या फायलीतला अहवाल परत हवा आहे, त्यात गंभीर चूक आहे, मुलाचं आयुष्य त्यावर आहे, न्यायाधीशांनी तो वाचण्याच्या आत.

कारकुनाने गठ्ठ्यातून पाकीट काढून दिलं. चिकटवलेलं होतं तसंच होतं.

"घ्या, हे उघडलेलंच नाही," तो म्हणाला. "निकाल बुधवारीच झाला. मारुलांदा घरी जाणार. सतरा पूर्ण झालेले सगळेच जाणार."

"सगळेच? कशाच्या आधारावर?"

कारकुनाने तोंडातला घास संपवला.

"तुमच्याकडे मुलं त्रेपन्न आहेत, डॉक्टोरा," तो म्हणाला, "आणि गाद्या चाळीस."